अंदमानच्या सहलीविषयी घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

नागपूरचा दादा : सर्वांना नमस्कार. अंदमानच्या सहलीसाठी मे महिन्याचा पहिला आठवडा धरावा, असे मी सुचवतो. तोपर्यंत मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतील, कापूस-तुरीचा हिशेब लागलेला असेल आणि संत्र्याची बाग मृग बहारासाठी ताणावर सोडलेली असल्यामुळे ओलिताची धावपळ नसेल. त्यापुढे मात्र जाता येणार नाही, कारण मोसमी पाऊस अंदमानात साधारणपणे 20 मेच्या आसपास पोहोचतो आणि समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. सेवाग्रामहून चेन्नईपर्यंत रेल्वे आणि पुढे श्रीविजयपुरमपर्यंत, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या पोर्ट ब्लेअरपर्यंत, सुमारे दोन तासांचे विमान, असा प्रवास मनात आहे.

आर्वीचे मामाजी : चेन्नईहून जहाज जात असताना विमान कशाला? बोटीची सहल म्हणायची आणि आकाशातून जायचे, हे मला पटत नाही.

नागपूरचा दादा : मामाजी, जहाज जाते, परंतु त्याला सुमारे तीन दिवस लागतात, जाऊन-येऊन सहा दिवस पाण्यावरच सरतील. तुमची हौस तिथे भागेल. स्वराज द्वीपाला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला, जाणारी बोटच दीड ते अडीच तास घेते.

पुलगावच्या आत्याबाई : एसटीच्या मागच्या बाकावर बसले तरी मला मळमळते. अडीच तास बोटीत बसायचे असेल तर माझे नाव आताच कमी करा.

वर्ध्याची सूनबाई : आत्याबाई, नाव कमी करू नका. बोट मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर सर्वांत कमी हलते, तेव्हा तिथलीच जागा मागून घेऊ. डॉक्टरांना विचारून मळमळीची गोळी बोटीत चढण्यापूर्वीच घ्यायची, उपाशी पोटी बसायचे नाही आणि मोबाइलमध्ये न पाहता दूर क्षितिजाकडे पाहायचे, एवढे पाळले तर बहुतेकांना त्रास होत नाही.

नागपूरचा दादा : एजंटने पाठवलेला कार्यक्रम असा आहे : रॉस बेटावर चितळांना हाताने खाऊ घालणे, समुद्रात तारामासा हातात घेऊन फोटो काढणे आणि एक दिवस बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा. गुहांच्या वाटेवर ‘जारवा दिसण्याची शक्यता’, म्हणजे तिथल्या जंगलातले आदिवासी लोक दिसण्याची शक्यता, असे त्याने ठळक अक्षरांत लिहिले आहे.

मोठे बाबा : मी या वयात रात्र-रात्र जागल करून, टिनाचा डबा वाजवून तुरीतून चितळ आणि रोही, म्हणजे नीलगाई, हाकलतो. बोर अभयारण्याच्या जंगलातून येणारे कळप आपल्या बांधावर फुकट दिसत असताना तेच चितळ पाहायला, तेही आपल्या खर्चाने बिस्किटे चारायला, मी समुद्र ओलांडून का जावे, हे मला कोणीतरी समजावून सांगावे.

वर्ध्याची सूनबाई : मोठे बाबा, आपला प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याला जितके लवकर पटेल तितके शहरातल्या माणसाला पटणार नाही. चितळ हा मूळचा अंदमानचा प्राणीच नव्हे. इंग्रजांनी तो शिकारीच्या हौसेपोटी तिकडे नेऊन सोडला. तिथे ना वाघ, ना बिबट्या, ना जागल करणारा शेतकरी. त्यामुळे तो बेटाबेटांवर पसरला आणि जंगलातली कोवळी रोपे खाऊन फस्त करू लागला. रॉस बेट, ज्याला 2018 पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात, हे 1941 च्या भूकंपापर्यंत इंग्रजांच्या कारभाराचे ठिकाण होते. आता पडक्या भिंतींवर झाडांची मुळे चढली आहेत आणि त्यांच्यामधून चितळ व मोर निर्धास्त हिंडतात. ते बेट अवश्य पाहू, पण बिस्किटे नेऊ नयेत. आपला बैल रात्री सुटून ज्वारीच्या पोत्यावर पडला तर सकाळी त्याचे पोट कसे फुगलेले असते, हे मी आपल्याला सांगायला नको. चितळही रवंथ करणाराच प्राणी आहे, आणि मैदा-साखरेने त्याच्या पोटात तेच घडते.

तारामाशाचा फोटोही मी कार्यक्रमातून काढावा म्हणते. तो पाण्यातूनच श्वास घेतो; आपण फोटोसाठी त्याला वर धरतो तेवढा वेळ तो गुदमरत असतो. गुहा सुंदर असतील, परंतु तिकडची सडक जारवांच्या राखीव क्षेत्रातून जाते. एजंटने माणसांना चितळ-मोरांच्या ओळीत बसवले आहे, हे वाचून मला लाज वाटली. तो दिवस मला नको.

नागपूरचा दादा : गुहा वगळल्या. आता तो दिवस कशात घालवायचा, तेही तूच सांग.

वर्ध्याची सूनबाई : वंडूरला. तिथे 1983 साली स्थापन झालेले महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथून बोटीने जॉली बॉय किंवा रेड स्किन या बेटावर नेतात. ही दोन बेटे आळीपाळीने उघडी ठेवतात आणि सोमवारी उद्यान बंद असते, म्हणून वार पाहूनच तिकिटे काढावीत. तळाला काच बसवलेल्या बोटीतून गुडघे दुखणाऱ्यांनाही बसल्या जागी प्रवाळ आणि मासे दिसतात. प्रवाळ हा दगड नव्हे. लहान-लहान जिवांनी पिढ्यानपिढ्या चुन्याची घरे बांधून ते रचलेले असते. मुले पाण्यात उतरली तर त्यावर पाय देणार नाहीत, याची हमी त्यांच्या वडिलांनी घ्यावी. प्लॅस्टिकच्या पिशव्या तिकडे चालत नाहीत, तेव्हा चिवडा स्टीलच्या डब्यात भरा.

नववीतला भाचा : मामी, समुद्रात पोहणारा हत्ती दिसेल का? आणि मगर?

वर्ध्याची सूनबाई : तो हत्ती, राजन, 2016 साली वारला. लाकडाचे ओंडके ओढण्यासाठी त्याला तिकडे नेले होते, आणि पोहणे हा त्या कष्टाचाच एक भाग होता. मगरी मात्र आहेत, त्याही खाऱ्या पाण्यातल्या, आणि त्या दिसाव्यात अशी इच्छा धरू नकोस. 2010 साली हॅवलॉकच्या समुद्रात एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीने बळी घेतला होता. म्हणून जिथे सूचनाफलक पोहण्याची मनाई करतो तिथे, खाडीच्या तोंडाशी आणि अंधार पडताना कोणीही पाण्यात उतरायचे नाही. तिकडे मे महिन्यातही साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. खडकावर काळे-निळसर पट्टे असलेला साप दिसला तर तो आपल्या नाग-मण्यारीच्याच कुळातला, अतिशय विषारी, पण सहसा अंगावर न येणारा असतो. आपण शेतात मण्यार दिसल्यावर जसे मागे सरतो तसेच तिथेही सरावे. डुगाँग नावाची, समुद्रातले गवत चरणारी समुद्रगाय हा त्या बेटांचा राज्यप्राणी आहे. ती दिसणे फार दुर्मीळ आहे, दिसली तर मला उठवा.

पुलगावच्या आत्याबाई : सूनबाईने एवढे सांगितल्यावर मी येते. देवघरासाठी किनाऱ्यावरचा एखादा शंख उचलला तर चालेल ना?

वर्ध्याची सूनबाई : नाही, आत्याबाई. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा आणणे कायद्याने गुन्हा आहे, शंखांच्या कित्येक जातींनाही तोच कायदा लागू आहे, आणि विमानतळावर सामान तपासतात. देवघरातला आजीचा शंख पुरे.

नागपूरचा दादा : सर्वांनी आधार कार्डाचे फोटो रविवारपर्यंत मला पाठवावेत, बोटीच्या तिकिटांसाठीही ओळखपत्र लागते. मोठे बाबा, आपला होकार तेवढा राहिला आहे.

मोठे बाबा : बैलांचे वैरण-पाणी पाहायला सालदार तयार आहे, तेव्हा मीही येतो. मात्र रॉस बेटावर कळप समोर आला आणि माझ्या तोंडून सवयीने ‘हाऽऽड’ निघाले, तर त्याबद्दल कोणी मला बोल लावू नये.