कोर्टाच्या कचेरीतली चिरीमिरी नेमकी कुठे अडवायची? नागपूरकरांनो, सांगा

वर्षा, मानेवाडा

नमस्कार मंडळी. आईच्या नावावर दुकानाचा एक गाळा आहे. भाडेकरूविरुद्धचा दावा आम्ही जिंकलो, कब्जा द्यावा असा हुकूमनामा झाला. तरी भाडेकरू हलेना, म्हणून हुकूमनामा अमलात आणायची दरखास्त टाकली. कोर्ट कोणतं ते मुद्दामच लिहीत नाही, केस अजून सुरू आहे.

दावा चालू होता तोवर त्रास फक्त तारखांचा होता. पैशाचा त्रास जिंकल्यावर सुरू झाला. नक्कलेचा, म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याच्या प्रतीचा, अर्ज केला, फी भरली, वर "चहापाण्याचे" तीनशे वेगळे. कब्जा वॉरंट निघालं तर ते बजावणारा कोर्टाचा माणूस, बेलिफ, म्हणतो पेट्रोलचं बघा, पंचांचं बघा. मी नाही म्हटलं. वॉरंटावर शेरा आला: "दुकानास कुलूप, संबंधित इसम मिळून आला नाही." त्या दिवशी मी अख्खी दुपार समोरच्या टपरीवर बसून होते. शटर पूर्ण वर होतं आणि भाडेकरू गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून देत होता. बेलिफ गल्लीत फिरकलाच नाही. मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत.

वकीलसाहेब म्हणतात, "ताई, देऊन टाका, कशाला पेशी बिघडवता." आई म्हणते, तक्रार केली तर फाइलच गायब करतील. तर तक्रार करायची कुणाकडे? नक्कलेचे तीनशे दिलेत, त्यात उद्या मीच अडकेन का? आणि हे बंद करायचं असेल तर सुरुवात कुठून व्हायला हवी? "सगळेच खातात" हे उत्तर नको, ते मला ऑटोवाल्याकडूनही मिळतं.

संत्रानगरीचा बंड्या

ताई, कायले डोक्याले ताप करून घेता? द्या दोनशे-चारशे अन् व्हा मोकळ्या. आमच्या बाबांनी तत्त्वासाठी भांडून पाह्यलं, गाळा गेला अन् तत्त्व बी गेलं.

निवृत्त अधीक्षक, प्रतापनगर

वर्षाताई, माझी सगळी नोकरी कोर्टाच्या कचेरीत गेली. नाझर शाखा (बेलिफ जिच्या हाताखाली असतात ती), नक्कल विभाग, रेकॉर्ड रूम असं करत शेवटी अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. बंड्याभाऊ, दोनशे दिले की काम होतं हे खरंच आहे. पण पुढच्या माणसाचं काम त्या दोनशेंसाठीच अडवलं जातं, हेही लिहा की राजेहो.

लोकांना वाटतं पैसा निकालात फिरतो. कुठे फिरत असेल तर असेल, मी पाहिलेला नाही आणि ऐकीव लिहिणार नाही. मी पाहिला तो कचेरीतला. एखादी तारीख फक्त टेबलावरच्या माणसाला माहीत असते, त्याच तारखेवर तो कमावतो.

तुमच्याकडची नक्कल उलटून पाहा. मागे नोंद असते: अर्ज कधी आला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला आवश्यक काळ त्यातून वगळतात. पण नक्कल तयार होऊन पडून राहिली, तर ते दिवस पक्षकाराच्या अंगावर. आता खेळ समजला? "तयार" अशी नोंद सोमवारी होते आणि खिडकीवर शुक्रवारपर्यंत "मशीन बंद आहे, उद्या या" ऐकू येतं. हरलेल्या माणसाचा जीव त्या चार दिवसांत टांगलेला असतो. वकिलाचा कारकून कानात सांगतो, आणि पैसे निघतात. जज्जसाहेब तेव्हा बोर्ड संपवून चेंबरमध्ये स्टेनोला डिक्टेशन देत असतात. त्यांना याचा पत्ताही नसतो. पत्ता ठेवणं हे त्यांचंच काम आहे, हे मात्र मी नोकरीत असतानाही म्हणायचो, आणि त्याचं बक्षीस म्हणून मला रेकॉर्ड रूमची धूळ मिळाली.

म्हणून सुधारणा म्हटली की मी मोठ्या समित्यांचं नाव घेत नाही. नक्कल तयार झाली त्याच मिनिटाला अर्जदाराच्या मोबाइलवर मेसेज जाऊ द्या. त्या टेबलाची कमाई दुसऱ्या दिवशी बंद. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर केसचा सोळा अंकी सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख आणि आदेश फुकट दिसतात. ते आल्यापासून "पुढची तारीख काय?" एवढं सांगायचे वीस रुपये घेणारे गप्प झाले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि नक्कल माहिती अधिकारातून मागू नका. कोर्टाच्या नियमांत सोय असेल तर त्याच वाटेने जा, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलंय.

बेलिफाचंही तेच. समन्स-नोटिशीच्या बजावणीसाठी "एनस्टेप" नावाचं अ‍ॅप आलंय, बेलिफ कुठे उभा होता ते जीपीएसने नोंदलं जातं. कब्जा वॉरंटालाही ते सक्तीचं करा आणि ती नोंद पक्षकाराला दिसू द्या, मग टपरीवर बसून पहारा द्यावा लागणार नाही. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालय २०२१ मध्येच म्हणालं. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने देशभरचे आकडे मागवले, तर ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून, आणि त्यात सर्वांत जास्त, सुमारे ३ लाख ४१ हजार, आपल्या महाराष्ट्रात. यातला प्रत्येक जण तुमच्यासारखाच, जिंकून बसलेला.

तुमच्या वॉरंटाबद्दल. कुलूप होतं हा शेरा खरा धरला तरी त्याने काम थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ नियम ३५ मध्ये कुलूप उघडून, वेळ पडली तर दार तोडून कब्जा देण्याची सोय आहे. दरखास्तीतच अर्ज द्या: शेरा खोटा आहे, हे फोटो, ही वेळ, नवीन वॉरंट काढा, दुसरा बेलिफ द्या, पोलीस बंदोबस्त द्या. सोबत प्रतिज्ञापत्र. त्याचीच एक प्रत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ प्रमाणे खालच्या न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं, तेव्हा तिसरी प्रत नागपूर खंडपीठाच्या प्रबंधकांना पाठवा. आमदाराकडे जाऊ नका, त्यांच्या हातात इथे काही नाही.

सिव्हिल लाइन्सचा ज्युनिअर

काकांचं बरंचसं पटलं, पण आमच्या काळ्या कोटाला त्यांनी फारच सांभाळून घेतलं. कचेरीतला माणूस दर वेळी मागतोच असं नाही. आमचेच कारकून न मागता शंभर देतात आणि पक्षकाराकडून पाचशे घेतात. वर्षाताई, तुमचे तीनशे पूर्ण त्या खिडकीत पोचले का, ते आधी तपासा.

तारखांचंही तसंच. ऑर्डर १७ मध्ये स्पष्ट आहे, सुनावणी चालू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी नाही. रोजनामा, म्हणजे दर तारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद, काढून मोजा. "वकील दुसऱ्या कोर्टात व्यस्त" हे वाक्य किती वेळा सापडतं ते बघा, आणि तहकुबी मागणाऱ्यावर खर्च किती वेळा बसवला तेही.

आणखी एक. न्यायाधीशांविरुद्ध तक्रार असेल तर भावनेच्या भरात पत्र लिहू नका. २०१४ मध्ये सरन्यायाधीशांच्या कार्यालयातून सगळ्या उच्च न्यायालयांना सूचना गेली, की प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल असा पुरावा असल्याशिवाय तक्रारीवर कारवाई करू नका. मला हे बरोबर वाटतं. इथे हरलेला प्रत्येक माणूस जज्ज विकला गेला असंच म्हणत बाहेर पडतो.

निवृत्त अधीक्षक, प्रतापनगर

ज्युनिअर भाऊ, सूचना बरोबर, पण अर्धीच. प्रतिज्ञापत्रावर तक्रार करणाऱ्याला पुढे काय झालं ते कोण सांगतं? चौकशी बसली, मिटली, शिक्षा झाली, काहीच कळत नाही. उच्च न्यायालयाने दरवर्षी जिल्हावार छापावं: तक्रारी किती, चौकश्या किती, शिक्षा किती. नावं नकोत, आकडे पुरेत. कुलकर्ण्याच्या टेबलाची तक्रार कुठे गेली हे पाटलाच्या टेबलाला कळलं की पुढचं आपोआप होतं.

वर्षा, मानेवाडा

काका, खूप आभार. पण दिलेल्या पैशांचं राहिलं. आणि लाचलुचपतवाल्यांकडे जाऊ का?

निवृत्त अधीक्षक, प्रतापनगर

२०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र नाइलाजाने द्यावी लागली आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवलं, तर कायद्याचं संरक्षण आहे. तुमचे सात दिवस केव्हाच उलटले असणार, म्हणून त्या तीनशेंबद्दल कुठेही लिहिण्याआधी एखाद्या फौजदारी वकिलाला विचारा. तुमच्याच वकिलांना नको, दुसऱ्या कुणाला तरी.

बेलिफाचं वेगळं आहे. त्याने मागितले, तुम्ही दिले नाहीत. पुन्हा मागितले तर तिथे हो-नाही काही न बोलता लाचलुचपत विभागाचा १०६४ हा नंबर लावा. आधी पडताळणी करतात, मग सापळा. नोटा तुम्हालाच न्याव्या लागतात, पंच सोबत असतात. तयारी असेल तरच त्या वाटेला जा, नंतर कोर्टात साक्षही द्यावी लागते.

बंदोबस्ताचा खर्च मात्र भरावा लागेल, तो पावतीवर. उद्या अर्ज नेताना एक प्रत जास्त घ्या आणि तिच्यावर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सही आईची लागेल, हुकूमनामा त्यांच्या नावाचा आहे.