भाड्याचा फ्लॅट आणि प्रीपेड वीज मीटर: अनुभव लिहा

टोकन (रिचार्ज केल्यावर मिळणारा, मीटरमध्ये भरायचा कोड) नाकारलं जाणं, बॅलन्स झरझर उतरणं, आधीच्या भाडेकरूची थकबाकी... ज्यांना यातलं नीट माहीत आहे त्यांनी नेमकं लिहा. घर नुकतंच भाड्याने घेतलेल्यांना फार उपयोग होईल.

---

चावी घ्यायच्या आधी घरमालकासमोरच एक छोटा रिचार्ज करा आणि पावती ओळीओळीने वाचा. किती युनिट मिळाले, स्थिर आकार किती गेला, जुन्या थकबाकीपोटी किती कापले, सगळं तिथेच कळतं. थकबाकी मीटरच्या खात्यावर असते, माणसाच्या नाही. ती कोण फेडणार हे करारातच लिहून घ्या. मीटर क्रमांक, रीडिंग आणि बॅलन्स या तिन्हींचे फोटो त्याच दिवशी काढा.

---

मीटर क्रमांक करारातून उतरवू नका, मीटरवरूनच घ्या. २० आकडी टोकन फक्त त्याच मीटरला आणि एकदाच चालतं. शेजारच्या मीटरचा क्रमांक दिलात तर पैसे शेजाऱ्याला गेले!

---

टोकन बरोबर असूनही मीटर घेत नसेल तर मीटर किती जुना आहे ते बघा. एसटीएस (प्रीपेड टोकनची आंतरराष्ट्रीय मानक पद्धत) मीटरमधली टोकनची कालगणना १९९३ पासून मोजलेली होती, ती २४ नोव्हेंबर २०२४ ला संपली. त्याआधी अद्ययावत न केलेले मीटर नवी टोकनं नाकारतात. यासाठी वीजपुरवठादाराकडून खास कोड मिळतात, बहुधा २० आकड्यांचे दोन. क्रम चुकवू नका: घरात न वापरलेलं जुनं टोकन असेल तर ते आधी भरा, मग हे दोन कोड दिलेल्या क्रमाने, मग नवं टोकन. कोड भरल्यावर जुनं टोकन बाद होतं. मीटरमध्ये चढलेला बॅलन्स मात्र तसाच राहतो.

---

मीटर इमारतीत खाली आणि टोकन भरायचा कीपॅड घरात असेल तर कीपॅडचे सेल आत्ताच उघडून बघा. टोकांवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर सेल गळलेत. बॅलन्स संपून घर अंधारात असतं तेव्हा कीपॅड या सेलवरच चालतो.

---

बॅलन्स लवकर संपतो म्हणणाऱ्यांसाठी: मीटरवर १००० इम्पल्स प्रति युनिट (imp/kWh) लिहिलं असेल तर एका मिनिटात मीटरवरचा छोटा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि ६० ने गुणा, तेवढे वॅट चालू आहेत. १० वेळा म्हणजे ६०० वॅट. आता फ्लॅटचा मेन स्विच बंद करा. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर जिन्याचा दिवा, पंप किंवा दुसऱ्याची खोली तुमच्या मीटरवर आहे. त्याचा व्हिडिओ घरमालकाला पाठवा आणि वायरमनला बोलवा. मीटरचं सील स्वतः तोडू नका, छेडछाड समजून मीटर पुरवठाच तोडू शकतो.

---

वरच्यात भर: २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. १० वॅटचा राउटर अहोरात्र चालू ठेवला तर ३० दिवसांत ७.२ युनिट होतात. आणि काहीच चालू नसलं तरी अनेक ठिकाणी स्थिर आकार रोज किंवा दरमहा कापला जातोच. गावाला जाताना तेवढा बॅलन्स ठेवा, नाहीतर फ्रीज बंद पडलेला सापडेल.

---

घर सोडताना मीटरमधला बॅलन्स सोबत नेता येत नाही. शेवटच्या पंधरवड्यात रिचार्ज छोटे छोटे करा; उरलेल्या युनिटांचे पैसे अनामत हिशेबात धरायचे असतील तर ते आधीच ठरवून घ्या.