लतादीदींच्या पिक्चरच्या एलपी परत निघायल्यात, नवी घ्यावी का जुनीच शोधावी?

सारंगी_नांदेड:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचायलो, आज विचारायचंय म्हणून लिहायलो. आमच्या वडलांकडं पाकीजाची एलपी, म्हणजे गाण्यांची मोठी तबकडी आहे. पिक्चर १९७२ चा, अन् वडलांनी नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून हैदराबादहून आणलेली, त्याच एक-दोन वर्षांतली. एचएमव्हीच्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर वाजवून वाजवून तिची पार वाट लागलीय. 'चलते चलते'च्या शेवटी रेल्वेची शिट्टी वाजते ना, बरोबर तिथंच एक चरा आहे अन् खट् करून आवाज येतो. आमच्या घरात सगळ्यांना ती शिट्टी त्या खट् सकटच पाठ आहे, बहीण तर गाणं गुणगुणली तरी शेवटाला जिभेनं टक् करते.

वडलांना आता उजव्या कानानं कमी ऐकू यायलंय. ते म्हणायलेत एकदा मला ही तबकडी बिनखरखरीची ऐकायची आहे, मोबाईलवर नको, तबकडीच पाहिजे. आता सारेगामानं, म्हणजे आपली जुनी एचएमव्हीच ती, जुन्या पिक्चरच्या एलपी परत काढायला सुरू केलंय, तर नवी घ्यावी म्हणलो. पण गेल्या महिन्यात संभाजीनगरला मित्राकडं दुसऱ्याच एका पिक्चरची नवी तबकडी ऐकलो, कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, अन् मन खट्टू झालं. खरखर नव्हती हे खरं. पण दीदी वरच्या सुरात जायच्या आधी जो बारीक श्वास घेतात तो गायबच होता, सारंगी पण काचेच्या मागं बसून कुणीतरी वाजवायलंय असं वाटत होतं. खरखर पुसता पुसता श्वास पण पुसून टाकले की काय. वडलांना असली तबकडी ऐकवू वाटत नाही.

तर जाणकारांनी सांगा, नव्यांतली कुठली कशी निघाली, घ्यायच्या आधी काय बघावं, का सरळ हैदराबादच्या जुमेरात बाजारात जाऊन जुनीच चांगली कॉपी हुडकावी?

गोलाईकर_लातूर:
दादा, आधी एक सांगा, अजून फिएस्टाच वापरायलात का? असंल तर नवी तबकडी त्याच्यावर बिलकुल लावू नका. त्यातला कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवतात तो भाग, सिरॅमिकचा, तो तबकडीवर लई वजन टाकतो, आजकालचे मॅग्नेटिक कार्ट्रिज दीड-दोन ग्रॅमवर चालतात. सुई झिजलेली असंल तर दहा-बारा वेळा वाजवलात की नव्या तबकडीची पण तीच गत. मित्राकडं चांगला प्लेअर आहे म्हणता तर तबकडी घेऊन वडलांना तिकडंच न्या, ते बरं पडंल.

आता आवाजाचं. तुम्ही जे ऐकलात ते नॉइज रिडक्शन, म्हणजे मशीननं खरखर पुसणं, जास्त मारल्यामुळं होतं. टेपची सूसू अन् श्वासाचा सूसू मशीनला सारखाच दिसतो, मशीनवर बसणाऱ्या माणसानं कानानं ठरवायचं असतं कुठं थांबायचं, अन् घाई असली की ते होत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे, थोडी खरखर राहू द्या पण आवाजाला हात लावू नका. अन् मागच्या कव्हरवर बघा, मूळ टेपवरून केलंय का नुसत्या डिजिटल फाईलवरून, हे एका ओळीत लिहायला पाहिजे, पण माझ्याकडच्या बहुतेक नव्या तबकड्यांवर ते नाहीच. १८० ग्रॅम मात्र मोठ्या अक्षरात असतं. वजनानं आवाज गोड होत नसतो हो, तबकडी जरा कमी वाकते एवढंच.

जुनी घेणार असाल तर वरवर चकाकते म्हणून घेऊ नका, उजेडात तिरपी धरून बघा अन् प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं वाजवून मागा. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नास सेंटीमीटरच्या आसपास रेघ जाते, आत लेबलजवळ ते निम्म्याच्याही खाली येतं, म्हणून झीज पहिल्यांदा तिथंच कळते, दीदींचा 'स' फाटल्यासारखा यायला लागतो. तिथं गाणं स्वच्छ असंल तर डोळे झाकून घ्या.

अन् एक, तबकड्या माळ्यावर ठेवू नका, आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते मी भोगलोय. सोळा एलपी पापडावानी झाल्या. उभ्या ठेवा, खालच्या खोलीत.

रेवामावशी_परभणी:
सारंगी, बाळा तुझं वाचून बरं वाटलं. मी ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तव्यांपासून ऐकत आलेय, आमच्या घरी महलचा तवा होता. १९४९ चा पिक्चर. 'आएगा आनेवाला'च्या तव्यावर गाणारीचं नाव काय छापलं होतं माहितंय का, कामिनी. म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओवर पत्रं पाठवून विचारलं हे गातंय कोण, तेव्हा कुठं लताचं नाव कळालं. म्हणून मला परत काढलेल्या तबकडीत पहिल्यांदा काय बघायचं असतं तर नावं. आवाजाचं गोलाईकर सांगतातच आहेत, पण नावाचं कोणी बोलत नाही.

पाकीजाचंच घे. संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ ला गेले, पिक्चर आला १९७२ ला, त्या माणसानं एवढं संगीत केलं अन् थेटरात बसून लोकांना डोलताना बघितलं नाही. पार्श्वसंगीत नौशादसाहेबांनी पुरं केलं, त्यांच्याच हाताखाली गुलाम मोहम्मद कितीतरी वर्षं होते. गाणी पण एकाची नाहीत, 'चलते चलते' कैफी आझमींचं, 'इन्हीं लोगों ने' मजरूहचं, 'चलो दिलदार चलो' कैफ भोपालींचं, अन् 'मौसम है आशिकाना' तर खुद्द डायरेक्टर कमाल अमरोहींनी लिहिलेलं. हे गाण्यागणिक छापायला काय जातंय? आता कव्हर उघडलं की आत मीनाकुमारीचा मोठा फोटो, छान आहे, पण सारंगीवर कोण, तबल्यावर कोण, एक अक्षर नाही. गाणं काय नुसत्या एका गळ्यातून येतं का.

दुसरं म्हणजे जी गाणी पिक्चरमधून गळाली त्यांची वेगळी एलपी १९७७ ला एचएमव्हीनंच काढली होती, पाकीजा रंग बरंग नावाची. लता आहे, शमशाद बेगम आहे, सुमन कल्याणपूर आहे. पाकीजा परत काढताना ही पण सोबत जोडून दोन तबकड्यांचा संच करायला पाहिजे, मी तर पैसे आगाऊ देईन.

अन् एक मनापासून सांगते, नव्यानं वाद्यं वाजवून घेतलेलं काही एलपीवर नको. मुघल-ए-आझम २००४ मध्ये रंगीत करून आणला तेव्हा गळे जुनेच ठेवून वाद्यं नव्यानं वाजवून घेतली होती, नौशादसाहेब होते तेव्हा, थेटरातल्या मोठ्या स्पीकरसाठी ते चालतं. पण तबकडी घेणाऱ्याला १९६० चंच पाहिजे असतं. कॅसेटच्या जमान्यात त्या झंकार बीट्सनी आपल्या गाण्यांचं काय केलं ते विसरले का सगळे? दीदींच्या खाली धडधड धडधड.

अंबाजोगाईचा_पोरगा:
मावशी, काका, तुमचं सगळं मान्य, पण एक बाजू माझी पण ऐका. मी २४ चा आहे. जुन्या तबकड्या तुमच्या घरात होत्या म्हणून तुम्हाला तुलना करता येते, मी मोबाईलवर अनपढ अन् वो कौन थी ऐकून मदनमोहनच्या नादी लागलो, माझ्यासाठी नवी निघाली म्हणून तर पहिल्यांदा हातात तबकडी आली. बाजारात जुनी घ्यायला गेलो तर मला 'स' फाटलाय का नाही ते कळणार बी नव्हतं, विकणारानं सांगितली ती किंमत दिली असती. म्हणून परत काढणं वाईट असं नका म्हणू, चूक असंल तर लिहून कळवा, पण घ्या. आपण घेतलं नाही तर बंद करतील अन् मग दोघांनाही मिळणार नाही.

बाकी त्रास मलाही झालाय. मी मागवलेली पहिली एलपी लावली तर लांबलेला सूर वर-खाली डुलायचा, शहनाईत तर लईच. मला वाटलं प्लेअर खराब, दोन दिवस पट्टा काढून घालून बघायलो. काका, हे कशानं होतं? बदलून मागितली तर दुसरी पण तशीच आली, तिसरी बरी निघाली.

गोलाईकर_लातूर:
अरे मधलं भोक मध्यात नव्हतं. तबकडी फिरताना सुईचा दांडा डावी-उजवी झोके घेतो का बघायचं, घेत असंल तर भोक सरकलेलं. एक-दीड मिलिमीटर असलं तरी शहनाई, सारंगी, बासरी लगेच सांगतात. तुझ्या प्लेअरचा काही दोष नव्हता. अन् तू तीनदा बदलून मागितलीस हे लई चांगलं केलास, आपले लोक गप्प ठेवून देतात. अन् बंद पडायचं तू जे म्हणलास ते मला पटलं. मी पण यंदा दोन नव्या घेतोय, अन् टेपचं छापा म्हणून त्यांना मेल पण करतो.

मावशी, महलचा तवा अजून असंल तर एलपीच्या सुईनं वाजवू नका, ७८ ची रेघ रुंद असते, सुई वेगळी लागते. अन् पुसायला स्पिरिट नको, लाखेचा तवा आहे, लाख विरघळते. ओल्या मऊ फडक्यानं, लेबलला पाणी न लावता.

सारंगी_नांदेड:
सगळ्यांचे आभार, काल रात्री वडलांना हे पूर्ण वाचून दाखवलो. गुलाम मोहम्मदचं ऐकून ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणले चारही शायरांची नावं मला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे.

नवी मागवलो आहे. आली की फिएस्टावर न लावता संभाजीनगरला मित्राकडं नेतो, वडलांना सकाळच्या गाडीनं नेईन, डावा कान स्पीकरकडं करून बसवीन. पहिल्यांदा शिट्टीच बघणार, अन् शिट्टीच्या आधीचे श्वास. बरं-वाईट काय ते इथंच लिहितो, काका दांड्याचं पण बघून सांगतो. जुनी तबकडी देणार नाही, तिचं कव्हर फाटलंय तेवढं चिकटवून घेतो.

मावशी, रंग बरंग कोणाकडं ऐकायला मिळंल का? परभणी, नांदेड, हिंगोली कुठंही असू द्या, मी येतो, तबकडीला हात लावणार नाही, नुसतं बसून ऐकतो.