सई परांजपेंचा सिनेमा टीव्हीमुळे मागे पडला का?

निशिगंध:
दिग्दर्शिका सई परांजपे म्हटलं की सगळे स्पर्श, चश्मेबद्दूर, कथा या तीन नावांवर थांबतात. १९८० ते ८३ एवढ्यात बाईंनी असे तीन सिनेमे दिले आणि पुढचा मोठा सिनेमा 'दिशा' एकदम १९९० ला! मधे टीव्हीत अडकल्या म्हणून असं झालं का? जाणकारांनी प्लीज सांगा.

सारंगी:
मला तर उलटं वाटतं. त्या टीव्हीत अडकल्या नाहीत, टीव्हीतूनच घडल्या. आधी पुणे आकाशवाणी, मग दिल्लीचं नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा, मग दिल्ली दूरदर्शन. 'स्पर्श'चंच बघा ना, दूरदर्शनच्या कामासाठी अंधशाळेत गेल्या, तिथलं जग बघून हलल्या, त्यावर आधी 'रैना बीती जाए' ही टेलिफिल्म केली आणि मग त्याचा सिनेमा झाला, ज्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट, पटकथा आणि नसीरुद्दीन शाहला अभिनयाचं असे तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. टीव्हीत हाताशी पैसा कमी, जागा कमी, मग सगळी मदार बोलण्यावर आणि माणसांवर. चश्मेबद्दूरमधे दीप्ती नवल 'चमको' ही धुण्याची पावडर विकायला दारात येते तो सीन आठवा, कॅमेऱ्याची काहीही करामत नाही, नुसतं तिचं आणि फारुख शेखचं बोलणं, अडखळणं, गप्प होणं. हे कान आकाशवाणीतच तयार झालेत असं माझं ठाम मत आहे.

आणि मधल्या काळात त्या रिकाम्या नव्हत्याच हो, १९८४ ला 'अडोस पडोस', १९८५ ला 'छोटे बडे' या मालिका केल्या.

वाटसरू१२:
सारंगीताईंशी सहमत, फक्त नाटक विसरू नका. 'कथा' मुळात स. गं. साठ्यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावर आहे, आणि ती चाळ, ते शेजारी, सगळ्यांना सगळ्यांच्या घरातलं माहीत असणं हे इतकं खरं उतरलंय की बाहेरून आलेल्या माणसाला जमलंच नसतं. फारुख शेखला लबाड आणि नसीरला भोळा करायची हिंमत पण बघा!

पण मला सगळ्यात जवळचा 'दिशा'. एकीकडे मुंबईची गिरणी, दुसरीकडे गावात वर्षानुवर्षं विहीर खणत बसलेला ओम पुरी, आणि नाना, रघुवीर यादव, शबाना... इतकी माणसं असून कोणीच उपरं वाटत नाही. याच्यावर कोणी का बोलत नाही हेच कळत नाही मला, खरंच वाईट वाटतं.

निशिगंध:
मनापासून आभार दोघांचे! रैना बीती जाए बद्दल अजिबात माहीत नव्हतं. त्यांच्याबद्दल मराठीत वाचायला काही आहे का?

सारंगी:
आहे ना, त्यांचं स्वतःचंच 'सय'. नक्की वाचा, पण आधी 'दिशा' बघून घ्या.