फाटक्या पोस्टरांचे फोटो सपाट का येतात?

प्रश्न: भिंतीवरची जुनी पोस्टरं मला जाम आवडतात, एकावर एक चिकटवलेली, फाटीतून कुणाचा तरी डोळा दिसतो, खालून निम्मं अक्षर डोकावतं, पण फोटोत सगळं सपाट येतं. काय करू?

उत्तर १: भरदुपारी काढतोस का? सकाळी नाहीतर संध्याकाळी ऊन भिंतीवर तिरकं येतं तेव्हा काढ, कागदाच्या सुटलेल्या कडांची सावली पडते आणि थर सुटे सुटे दिसतात. कॅमेरा भिंतीला समांतर धर, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ ८ वर ठेव.

उत्तर २: रंगाकडेही बघ. उन्हात पिवळा आणि मजेंटा (छपाईतला गडद गुलाबी) आधी उडतात म्हणून जुनी पोस्टरं निळसर पडतात, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा आपोआप रंगांची छटा सुधारतो तो पर्याय, नेमकं तेच घालवू शकतो, तो बंद कर.

उत्तर ३: रेमाँ एन्स आणि जाक विलग्ले या फ्रेंच कलाकारांचं काम बघच, १९४९ पासून ते पॅरिसच्या भिंतींवरची फाटकी पोस्टरं काढून न्यायचे आणि तीच कलाकृती म्हणून मांडायचे. मला विचारशील तर आपण काही फाडू नये, कुणी नखाने खरवडलंय, कुणी मिशा काढल्यात, ते सगळं फ्रेममध्ये राहू दे, त्यातच शहर दिसतं.

प्रश्नकर्ता: भारी! उद्या सकाळीच निघतो.