रिसेल फ्लॅटच्या एजंटला २ टक्के द्यायचे का?

वारज्याचा_वैतागलेला:
कर्वेनगरला टू बीएचके बघतोय, रिसेल. मालक ९५ लाख म्हणतो. एजंट २ टक्के मागतोय, आणि विकणाऱ्याकडूनही घेणारच. केलं काय, तर कुलूप उघडलं आणि पंखे लावून दाखवले! तिकडे बाणेरला दुसऱ्याने स्वतःच्या गाडीतून नवे प्रोजेक्ट फिरवले, चहा पाजला, वर म्हणतो ब्रोकरेज शून्य. मग याला कशाला द्यायचं? शिवाय घर दाखवायच्या आधी फॉर्मवर सही मागतो. बायको म्हणते, सरळ मालकाला गाठू.

नारायणपेठी:
वॉचमनला विचारा. आमच्याकडे सगळे व्यवहार त्यालाच आधी कळतात.

दलाल_पण_सरळ:
मी याच धंद्यातला, कोथरूड-वारजे पट्ट्यात. बाणेरवाल्याचा चहा बिल्डरच्या पैशाचा. त्याचं कमिशन बिल्डर देतो, म्हणून ज्यांच्याशी त्याचं जमलंय त्याच साइट तो दाखवणार. यात गैर काही नाही, पण तो तुमच्या बाजूने घासाघीस करेल असं समजू नका. नव्या प्रोजेक्टसाठी एजंटची महारेराकडे (बिल्डर-एजंटांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी लागते. नंबर मागा, महारेराच्या वेबसाइटवर तपासा. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, हे हा गृहस्थ आपणहून सांगतो का तेही बघा.

आता तुमचा कर्वेनगरवाला. २ टक्के हा सुरुवातीचा आकडा, १ वर येतात. फॉर्म असतो तो तुम्ही मागच्या दाराने मालकाकडे जाऊ नये म्हणून (वहिनी, रागावू नका). सही करा, पण टक्का आधी ठरवून त्यावर लिहून घ्या. टोकनच्या दिवशी दलाली देऊ नका. अर्धी करारनामा नोंदवल्यावर, उरलेली किल्ली हातात आल्यावर.

आणि त्याला कामाला लावा. इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा उतारा, त्यात मालकांची नावं असतात), आधीच्या खरेदीचे मूळ करार, शेअर सर्टिफिकेट, भोगवटापत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला), सोसायटीची एनओसी हे सगळं त्याने आणायचं. मालकाचं कर्ज चालू असेल तर बाकी किती, याचं बँकेचं पत्र. पार्किंग 'आहे हो' एवढ्यावर भागत नाही, सोसायटीच्या दप्तरात फ्लॅटच्या नावे लागलंय का ते विचारायला लावा. एका व्यवहारात इंडेक्स टूवर दोन भावांची नावं होती आणि टोकन घ्यायला एकटा थोरला तयार. धाकट्याला पत्ताच नव्हता! पंखे कुणीही लावतो, हे असलं शोधणाऱ्यालाच दलाली द्या.

कोथरूडकरीण:
मुद्रांक शुल्क विसरू नका. पुण्यात ७ टक्के, फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ६. नोंदणीचे ३० हजार वेगळे. वहिनींचा राग जाईल.

वारज्याचा_वैतागलेला:
इंडेक्स टू मागितलं, लगेच पाठवलं. नावं दोन, मालक आणि मुलगा. मुलगा न्यू जर्सीत असतो. मालक म्हणतात, माझी एकट्याची सही चालेल.

दलाल_पण_सरळ:
नाही चालणार. मुलाचं रीतसर कुलमुखत्यारपत्र हवं. टीडीएसही (मालकाला पैसे देतानाच कापायचा आयकर) बघा: ५० लाखांच्या वरच्या घरावर निवासी मालकाला द्यायच्या रकमेतला १ टक्का तुम्हीच कापून भरायचा, पण परदेशात राहणाऱ्याच्या हिश्शाला नियम वेगळा, रक्कम बरीच मोठी. सीएला विचारल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि तुमच्या एजंटला विचारा, हे त्याला माहीत होतं का.