चांदी रंगाच्या दारावर गडद चौकोन: घरच्या रंगकामात चूक कुठे झाली?

खानापूरकर (प्रश्न)
नमस्कार. गेल्या गळीत हंगामात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माझ्या गाडीला उसाच्या ट्रॉलीचा कोपरा घासून गेला आणि मागच्या डाव्या दारावर पत्रा दिसेल असा वीतभर ओरखडा पडला. गाडी चांदी रंगाची, मेटॅलिक आहे. गॅरेजमध्ये पूर्ण दार रंगवण्याचा खर्च सांगितला, तेव्हा एका रेघेसाठी अख्खे दार कशाला, असे वाटून मी स्प्रे कॅन आणले आणि जुलैत पावसाने उघडीप दिलेली पाहून अंगणातच काम उरकले. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासले, लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरली, पाणी लावून गुळगुळीत केली, दुसऱ्या दिवशी प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक कोट) मारले. आता तेथे तळहाताहून मोठा गडद चौकोन दिसतो, त्याच्या कडांना नख अडकते आणि वर दुधाळ झाक आली आहे. पॉलिशने भागेल, की सारे काढावे लागेल?

उद्यमबाग पेंटर
सारे काढावे लागेल; पॉलिशने फक्त डाग चकचकीत होईल.

दुधाळ झाक ही पावसाळ्याची देणगी आहे. थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतील बाष्प त्यावर बसते आणि कोटात अडकते. पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली, असे खानापूर-जांबोटी भागात तरी जुलैत समजू नये. आमच्या शेडमध्येही अशा दिवशी हळू उडणारे थिनर वापरावे लागते, आणि कॅनमध्ये ती सोय नसते.

गडदपणाचे कारण वेगळे आहे. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. कॅन जवळ धरून ओला, जाड कोट दिला की ते कण खाली बसतात आणि समोरून रंग काळवंडतो. फार लांबून कोरडा मारला, तर तोच रंग उजळ दिसतो. त्यामुळे कॅनवरील नाव जुळले, तरी दाराशी रंग जुळेलच असे नाही. पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास अंतर ठेवून, प्रत्येक कोटानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबून, तीन-चार पातळ कोट द्यावेत. रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर सापडतो. नावापेक्षा त्यावर विसंबावे.

चौकोन उमटला तो मास्किंग टेपमुळे. टेप ओरखड्याला लगटून लावली की तिच्या कडेशी रंगाचा बांध तयार होतो. रंग ओरखड्यापलीकडे विरळ होत गेला पाहिजे आणि क्लिअर मात्र दाराच्या कडेपासून कडेपर्यंत, म्हणजे पूर्ण दारावर मारले पाहिजे. गॅरेजवाला अख्ख्या दाराचा खर्च सांगतो तो याचसाठी. दर वेळी तो लुबाडतच असतो असे नाही.

मला खरी काळजी लांबीची वाटते. ती पाणी शोषते, म्हणून कोरडीच घासावी. ८० नंबर फक्त आकार देण्यापुरता, मग १८०, ३२०. प्रायमरवर ६०० ते ८०० चा वॉटर पेपर चालतो. शिवाय उघड्या पत्र्यावर पाणी लागून रात्र गेली असेल, तर खाली गंज धरला असण्याची शक्यता आहे.

निपाणीकर
दोन गोष्टी जोडतो. घासण्याआधी वॅक्स आणि ग्रीस काढणाऱ्या द्रवाने दार पुसले होते का? मी डॅशबोर्ड चमकवणाऱ्या सिलिकॉनच्या फडक्यानेच बंपर पुसला होता, आणि रंग मारताच त्यावर माशाच्या डोळ्यासारखी गोल भोके पडली. प्लॅस्टिकच्या बंपरला पत्र्याचा प्रायमर पुरत नाही, हेही मला तेव्हाच कळले, कारण वर्षभरात रंग सालीसारखा निघाला.

दुसरे म्हणजे, साध्या कॅनमधील क्लिअर पेट्रोल सांडले की मऊ पडते. तळाची कळ दाबून हार्डनर मिसळायचा टू-के कॅन टिकतो, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक रसायन असते. तोंडाला रुमाल बांधून ते मारणे हा शुद्ध वेडेपणा आहे. योग्य फिल्टरचा मास्क नसेल, तर क्लिअरचे काम शेडमध्ये द्यावे.

खानापूरकर
आपणा दोघांचे आभार. पुसण्यासाठी मी केरोसीन वापरले होते, हे कबूल करतो. कोडाची पट्टी ड्रायव्हरच्या बाजूच्या खांबावर सापडली. आज ऊन पडल्यामुळे चौकोनाचा एक कोपरा कोरड्या पेपरने घासून पाहिला. लांबी खपलीसारखी सुटली आणि खाली पत्र्यावर रुपयाएवढा तांबूस डाग निघाला.

उद्यमबाग पेंटर
मग तो डाग चकाकणारा पत्रा दिसेपर्यंत घासा आणि त्याच दिवशी, पाण्याचा थेंबही न लावता, ओल रोखणारा इपॉक्सी प्रायमर द्या. रंगाची घाई करू नका. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली की पुढचे काम घ्या.